अंगात कुठे लोखंड आहे का?

एमआरआयच्या खोलीत लोखंडाची वस्तू नेता येत नाही, त्यामुळे ती माझ्याकडे जमा होते. चाव्या, बेल्ट, घड्याळं, कानातली, कवळ्या, ताईत. एकदा तर एका आजींच्या पोलक्याला आतून लावलेल्या चौदा सेफ्टी पिना निघाल्या! माणसं हे सगळं माझ्यासमोरच्या निळ्या ट्रेमध्ये काढून ठेवतात आणि ठेवता ठेवता काहीतरी बोलतात. जाताना सामान आठवणीने उचलतात, बोललेलं मात्र ट्रेमध्येच राहतं. चार वर्षांत माझ्याकडे किती साचलंय ते माझं मलाच माहीत.

मी टेक्निशियन वगैरे नाही. सिंगापूरच्या एका हॉस्पिटलात एमआरआय विभागात मदतनीस आहे. पेशंटला कपडे बदलायला देणं, प्रश्न विचारून फॉर्म भरणं, व्हीलचेअर ढकलणं, एवढंच. बाबा आधीपासून इथे नोकरीला होते; मी आणि आई माझ्या तेराव्या वर्षी आलो, तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं. वर्गात दोन वर्षं तोंड उघडलं नाही. मग शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, हे आईबाबांनाही नक्की सांगता येत नाही.

हे किस्से मी कुणाला सांगत नव्हतो. गेल्या वर्षी बाबांना सांगायला लागलो. बाबा मूळचे उरणचे, इथे सेम्बावांगच्या एका शिपयार्डात फोरमन. त्यांच्या उजव्या हातातली ताकद जायला लागली होती. आधी शर्टाचं बटण लागेना, मग चहाचा कप पेलेना. डॉक्टर म्हणाले, दोनच शक्यता आहेत. मानेत काहीतरी नसेला दाबत असेल, तर ऑपरेशन करता येईल. काही दाबत नसेल, तर तो दुसरा आजार, त्याच्यावर औषध नाही. कोणतं ते एमआरआय सांगेल. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

बाबांना भीती वाटत होती, हे मला कळत होतं. म्हणून रोज जेवताना मी एक किस्सा सांगायचो. ते मशीन म्हणजे काही राक्षस नाही, हे त्यांना पटावं एवढाच हेतू!

* * *

पहिला किस्सा माझ्याच बावळटपणाचा.

कामाच्या पहिल्या दिवशी मी फरीदाला विचारलं, "मशीन बंद असताना लोखंड आत नेलं तर चालतं ना?"

फरीदा आमची सीनिअर रेडिओग्राफर, म्हणजे मशीन चालवणारी. पन्नाशीची मलय बाई. हिजाबला पिन लावत नाही, गाठ मारते.

ती म्हणाली, "बंद? मी इथे आल्यापासून बंद झालेलं नाही."

मग तिने समजावून सांगितलं. आत तारेचं एक मोठं वेटोळं आहे. ते हेलियमच्या द्रवात बुडवून इतकं थंड ठेवलेलं असतं की, त्यातून एकदा सोडलेली वीज थांबतच नाही, गोल गोल फिरत राहते. त्यानेच लोहचुंबक तयार होतं. स्कॅन चालू असो वा नसो, सुट्टी असो, दिवे गेलेले असोत, ओढ चालूच!

माझ्याबरोबरचा दुसरा मदतनीस म्हणजे अंकल लिम, सत्तरीच्या घरातला. त्याने मला दारात उभं केलं आणि दोऱ्याला बांधलेली एक टाचणी हातात दिली. टाचणी खाली लोंबेचना! मशीनकडे तोंड करून हवेत आडवी उभी राहिली, आणि बोटाला हलकासा हिसका बसला.

"माझी बायको पण अशीच," अंकल लिम म्हणाला. "चाळीस वर्षं झाली, एक दिवस बंद नाही. फक्त ओढ नाही."

बाबा हसले. आतून आई म्हणाली, "काय झालं हसायला?" आम्ही दोघेही म्हणालो, "काही नाही!"

* * *

माझं खरं काम म्हणजे प्रश्न विचारणं. तीस प्रश्न आहेत. ज्या मुलाने शाळेत दोन वर्षं तोंड उघडलं नाही, त्याला देवाने हे काम दिलं! पेसमेकर आहे का? डोक्यात क्लिप आहे का? कानात मशीन? अंगावर टॅटू? आणि पुढे प्रत्येक अनोळखी बाईला, "तुम्ही गरोदर आहात का?"

पहिले सहा महिने हा प्रश्न मी जमिनीकडे बघून विचारायचो. एक बाई म्हणाल्या, "बाळा, फरशी गरोदर नाही. मला विचार."

लोकांची गंमत अशी की सगळे सगळ्याला 'नाही' म्हणतात. फॉर्म पुढे आला की माणूस आपोआप निर्दोष होतो.

एकदा एक मराठी कॅप्टन आले होते. आयुष्य जहाजावर काढलेलं, आता निवृत्त, मुलीकडे राहायला आलेले. मी प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर यायचं. "नाही. नाही. पुढे! नाही."

"शरीरात कुठे धातूची प्लेट, स्क्रू?"

"नाही."

त्यांची मुलगी मागून म्हणाली, "पप्पा! मांडीत प्लेट आहे ना तुमच्या?"

कॅप्टन तिच्यावर उखडले. "ती तीस वर्षांपूर्वीची!" मग माझ्याकडे वळून अगदी समजुतीने म्हणाले, "हे बघा, सुरुवातीला ती प्लेट होती. आता ती मी आहे."

बाबांना हा किस्सा फार आवडला. दोन दिवस आईला सांगत होते, "सुरुवातीला मी नवरा होतो. आता मी घर आहे."

* * *

मशीन नेमकं करतं काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. विचारायची लाज वाटायची. शेवटी एका नूडलवाल्या आजोबांमुळे कळलं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, पन्नास वर्षं माशाच्या गोळ्यांचं सूप विकलेला माणूस. आत जायलाच तयार नाही! "आधी सांगा, ते माझ्याशी काय करणार आहे?"

फरीदा त्यांच्याशेजारी बाकावर बसली. म्हणाली, "अंकल, तुमच्या अंगात सगळ्यात जास्त काय आहे? पाणी. पाण्यात हायड्रोजन आहे. त्याचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलंसं लोहचुंबक. एरवी सगळे वाटेल तिकडे तोंड करून असतात. मशीनमध्ये गेले की बरेचसे ओळीत उभे राहतात. मग मी रेडिओचा एक धक्का देते. ते कलंडतात. धक्का थांबला की पुन्हा ओळीत येतात आणि येताना बारीकसा आवाज देतात. तो कानाला ऐकू येत नाही, मशीन ऐकतं. चरबीतलं पाणी, मेंदूतलं पाणी, गाठीतलं पाणी, प्रत्येकाचा परत यायचा वेग वेगळा. त्यावरून चित्र बनतं."

आजोबांनी विचार केला. "म्हणजे मी बहुतेक सूपच आहे."

"हो, अंकल."

"मग हरकत नाही," म्हणाले आणि आत गेले!

हे सांगितल्यावर बाबांनी जेवायचं थांबवलं. म्हणाले, "अरे, हे तर आम्ही रोज करतो!"

"काय?"

"जहाजाची टाकी ठोकून बघतो ना! बाहेरून रंग लावलेला, आतलं काय दिसतंय? हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा. पत्रा चांगला असला की वेगळा वाजतो, आतून खाल्लेला असला की वेगळा. बोलणारा पत्राच असतो. आपण फक्त ठोकायचं."

मी चार वर्षं मशीनशेजारी उभा आहे, पण इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग बाबांनी उजवा हात ताटाशेजारी टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी मांस उरलं नव्हतं, खळगा पडला होता. त्या खळग्यावर डाव्या हाताच्या बोटाने दोनदा टकटक केलं, आणि कान दिल्यासारखं केलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, फोरमनला विचार."

* * *

'हलू नका' हे मला सहा भाषांमध्ये म्हणता येतं. बाकी त्या भाषांमधलं काही येत नाही! पण आमच्या धंद्यात तेवढंच लागतं. माणूस हलला की ते ओळीत उभे असलेले कण जागा बदलतात आणि चित्र पुसट येतं. वीस मिनिटांचं काम पहिल्यापासून.

आणि आवाज! आतली कॉइल थरथरते, त्यामुळे हातोडे पडल्यासारखे आवाज होतात. कानात बोळे घालून वर हेडफोन लावतो, तरी लोक घाबरतात. हातात रबराचा फुगा देतो, तो दाबला की आम्ही मशीन थांबवतो. काही लोक आत जायच्या आधीच दाबतात.

एक बांगलादेशी वेल्डर आला होता. पाठीचा स्कॅन. फुगा दिला, आत सरकवला, हातोडे सुरू झाले, आणि पाच मिनिटांत फरीदा म्हणाली, "हा हलतोय का?"

हलत नव्हता, घोरत होता! माइकवरून मी म्हणालो, "भाईसाब, हिलना मत."

"हिला नहीं," आतून आवाज आला. "सोया था."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा घोरला. तीनदा! शेवटी एकदाचा झाला. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "वापस कब आना है?"

मी म्हणालो, काम झालं, परत यायची गरज नाही.

त्याचा चेहरा पडला. "जहाज के अंदर इससे ज़्यादा आवाज़ है," तो म्हणाला. "और उधर कोई लेटने नहीं देता."

* * *

हा पुढचा किस्सा मी घरी सांगितला नाही.

स्कॅनमध्ये काय दिसलं हे फरीदा पेशंटला सांगत नाही. ते सांगणं डॉक्टरांचं काम. तिचा चेहराही बदलत नाही. पण वर्षभरानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे गरम केलेली ब्लँकेट्स असतात. ती द्यायचं काम माझं. पण कधी कधी फरीदा स्वतः उठते, कपाटातून ब्लँकेट काढते आणि पेशंटच्या अंगावर स्वतः घालते. त्या दिवशी मी फॉर्मवरच्या नावाकडे बघत नाही.

एक बस ड्रायव्हर होते, निवृत्त. पाठदुखी म्हणून आलेले. सकाळपासून तिच्यावर ओरडत होते. उशीर का, खोली थंड का, गाऊनला नाड्या कशाला! स्कॅन झाला. फरीदा उठली. एक नाही, दोन ब्लँकेट्स घेऊन आली.

त्यांनी ब्लँकेट्सकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं आरशातून लोकांचे चेहरे बघितलेला माणूस!

"सकाळपासून मी तुला शिव्या देतोय," ते म्हणाले. "दोन कशाला?"

"एसी थंड आहे, अंकल."

मग वरचं ब्लँकेट काढून, नीट घडी करून त्यांनी तिच्या हातात परत दिलं.

"एकच राहू दे," म्हणाले. "एक असलं की थंडीचं म्हणता येतं."

* * *

आता सेल्वमचा किस्सा. बाबांची तारीख दहा दिवसांवर आली होती.

तीस प्रश्नांमधला अकरावा प्रश्न असा: कधी डोळ्यात धातूचा कण गेला आहे का? ज्यांनी ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग केलंय त्यांना हा दोनदा विचारायचा असतो. कण आत राहिलेला असला, तर चुंबक त्याला ओढतं. डोळ्याच्या आत कण हलला तर नजर जाऊ शकते. म्हणून 'हो' म्हटलं की आधी डोळ्यांचा एक्स-रे, मगच पुढचं.

सेल्वम शिपयार्डात ग्राइंडर चालवायचा. अकराव्या प्रश्नाला ठामपणे म्हणाला, "नाही."

मी दुसऱ्यांदा विचारलं. त्याने माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं. "सेम्बावांगचा फोरमन, तो तुझा कोण?"

"वडील."

"मग मला काय विचारतोस? त्यांनीच काढला!"

आणि मग तो बोलतच सुटला. त्यांच्या यार्डाच्या गेटवर एक बोर्ड होता. अपघाताविना किती दिवस गेले, त्याचा आकडा. शंभर झाले की सगळ्यांना बिर्याणी. कुणी साधं क्लिनिकमध्ये गेलं, तरी आकडा शून्य! डोळ्यात कण गेला म्हणून जो क्लिनिकची पायरी चढला, त्याच्याशी गँगमधलं कुणी आठवडाभर बोलायचं नाही. म्हणून कण गेला की सगळे बाबांकडे. बाबा जाड कागदाचं टोक दुमडून सुईसारखं करायचे, जिभेने ओलं करायचे, एका हाताने पापणी उलटायचे आणि टोकाने कण उचलायचे.

"लूक अप. डोन्ट मूव्ह," सेल्वमने बाबांचा आवाज हुबेहूब काढला. "झालं! हात कसला होता रे त्यांचा! माशी बसली तरी जड वाटेल, असा."

तरी नियम तो नियम. एक्स-रे काढला. डोळे स्वच्छ! त्या महिन्यात त्याच यार्डातले अजून दोघे आले, त्यांचीही तीच गोष्ट, त्यांचेही डोळे स्वच्छ. फरीदा म्हणाली, "तुझ्या वडिलांना इथे नोकरी देऊ या."

मी घरी सांगितलं तेव्हा बाबांची मान जरा वर झाली. "सेल्वम? डावा डोळा. हात लावायच्या आधीच रडला होता!"

"किती जणांचे काढले असतील, बाबा?"

"मोजले नाहीत कधी. बिर्याणी नऊ वेळा खाल्ली."

आई म्हणाली, "आणि घरी येऊन कधी सांगितलं नाहीत!"

"बिर्याणीचं?"

"डोळ्यांचं!"

त्याच वेळी माझ्या मनात एक प्रश्न आला. दिवसभर अनोळखी माणसांना मी तीस प्रश्न विचारतो. हा एकच होता, आणि समोर बाबा होते. मी भात वाढून घेतला.

* * *

तारखेच्या आदल्या रविवारी बाबा म्हणाले, "चल, पुलाउ उबीनला जाऊ. सायकल चालवू." मी शाळेत असताना आम्ही त्या बेटावर जायचो. छोट्या बोटीतून पलीकडे उतरायचं, भाड्याने सायकली घ्यायच्या, जुन्या कौलारू घरांमधून आणि झाडीतून फिरायचं.

मी म्हणालो, "हात?"

"सायकल पायाने चालवतात."

चढावर ठीक होतं. उतारावर बाबा माझ्या पुढून सुसाट गेले. मला वाटलं, मजेत आहेत. वळणावर ते वळले नाहीत. सरळ केळीच्या झाडांमध्ये गेले!

मी धावत पोहोचलो, तर चिखलात बसलेले. गुडघा खरचटलेला.

"ब्रेक गेलाय," म्हणाले.

सायकल ढकलत परत नेली. दुकानातल्या म्हाताऱ्याने चाक उचललं, फिरवलं, उजवा ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. त्याने पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबला. मग बाबांच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "ब्रेक खराब आहे. माफ करा." त्यांना दुसरी सायकल देऊ लागला.

बाबा नको म्हणाले.

धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलो. बाबा डावा डोळा चोळत होते. चिखल गेला असेल. किंवा ती सवय असेल, मी लहानपणापासून बघत आलोय.

"बाबा, तुमच्या डोळ्यात कधी..."

"काय?"

"काही नाही. शहाळं घेणार?"

* * *

तारखेच्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर बसली. अंकल लिमने बाबांना गाऊन दिला आणि म्हणाला, "फोरमन, हिंमत! माझ्या बायकोपेक्षा आवाज कमी आहे."

प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारावेत असं फरीदा म्हणत होती. मी म्हणालो, मीच विचारतो. मराठीत विचारले की त्यांना बरं वाटेल.

बाबांनी घड्याळ, चाव्या, चष्मा, अपॉइंटमेंटचं पत्र, सगळं ट्रेमध्ये ठेवलं. घड्याळाचा पट्टा डाव्या हातावरचा, तो उजव्या हाताने सुटेना. मी सोडवला.

"पेसमेकर?"

"नाही."

"डोक्यात क्लिप?"

"नाही."

"शरीरात प्लेट, स्क्रू?"

"मी कॅप्टन आहे का? नाही."

"गरोदर?" हा पुरुषांना विचारायचा नसतो. पण त्यांनी हसावं म्हणून विचारला.

"तुझ्या आईला विचार, काय म्हणते!"

"डोळ्यात कधी धातूचा कण?"

"नाही."

"बाबा."

"नाही म्हटलं ना!"

मी पेन खाली ठेवलं. मला मोठ्याने बोलता येत नाही, तेव्हाही आलं नाही. म्हणालो, "बाबा, सगळ्यांचे तुम्ही काढलेत. तुमचा कुणी काढला?"

बाबा ट्रेकडे बघत राहिले.

"एकदा गेला होता," शेवटी म्हणाले. "तू पाच-सहा वर्षांचा असशील. अठ्ठ्याण्णवावा दिवस होता."

"मग?"

"मग काय! आणखी दोन दिवसांनी बिर्याणी. बाथरूममध्ये गेलो, आरशात बघून मीच काढला."

"निघाला?"

"खुपायचं थांबलं."

"निघाला का, बाबा?"

"निघाला असणार."

एक्स-रेची खोली शेजारीच आहे. पाच मिनिटांचं काम. फरीदाने पडद्यावर चित्र आणलं आणि मी तिच्याकडे बघितलं. ती उठली. कपाटाकडे गेली. ब्लँकेट काढून तिने बाबांच्या खांद्यावर घातलं. स्कॅन तर झालाच नव्हता!

मग तिने डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले ते मला हळूच सांगितलं, मी बाबांना मराठीत सांगितलं. डाव्या डोळ्यात, अगदी मागे, कण आहे. तो काढायला गेलं तर डोळा जाईल. तो असताना एमआरआय नाही. डॉक्टर सी.टी. काढतील, पण तिच्यात नस एवढी स्पष्ट दिसत नाही. दाबतंय की नाही हे कदाचित कळेल, कदाचित नाही कळणार.

"म्हणजे ठोकून बघता येणार नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

"मला दाखवा."

फरीदाने पडदा त्यांच्याकडे वळवला. कवटी, दोन खोबण्या, आणि एका खोबणीत खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. बाबा वाकून बघत राहिले. दार उघडून आई आत आली आणि तिथेच थांबली. भिंतीपलीकडे हेलियम थंड ठेवणाऱ्या पंपाचा तो बारीक टकटक आवाज चालू होता, जो कधीच बंद होत नाही.

मग बाबांनी ट्रेमधलं अपॉइंटमेंटचं पत्र उचललं. त्याचा कोपरा दुमडला, पुन्हा दुमडला. उजव्या हाताला घडी जमेना, तेव्हा ती दातांनी दाबली. टोक जिभेने ओलं केलं. उजव्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरलं आणि ते टोक हळूहळू पडद्यावरच्या ठिपक्यापाशी नेलं.

"वर बघ," बाबा म्हणाले. "हलू नकोस."